बुलिंगलाही जात असते: शाळांमधल्या या कामात आपली माणसं का हवीत

(बंगळुरूच्या चामराजपेटेत मराठी बोलणाऱ्या पदवीधर विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय असा आहे: शाळकरी मुलांमधला छळ थांबवण्यासाठी काम करणाऱ्या संस्थांमध्ये करिअर. समोर निपाणी, बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर, बीदर अशा ठिकाणांहून आलेली मुलंमुली दिसताहेत. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदाच आला आहे. माझ्याही घरात मीच पहिली. आई निपाणीत विड्या वळायची. मी गेली अकरा वर्षं या शहरातल्या एका छोट्या संस्थेतर्फे शाळांमध्ये काम करते. त्यामुळे हे काम काय आहे, त्याची दारं कुठं आहेत आणि त्या दारांत काय अडतं, ते सरळ सांगते.

आधी शब्दाचं बघू. संस्थांच्या भाषेत याला 'बुलिंग' म्हणतात. आपण म्हणायचो चिडवणं, खोडी काढणं, दादागिरी. शाळेत तक्रार गेली की उत्तर ठरलेलं असतं: मुलंच ती, चिडवणारच. या विषयाचा शास्त्रीय अभ्यास नॉर्वे-स्वीडनमध्ये डॅन ओल्वेउस यांनी १९७० च्या दशकात सुरू केला. त्यांनी बुलिंगच्या तीन खुणा सांगितल्या. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि देणारा व सोसणारा यांच्या ताकदीत फरक असतो. तिसरी खूण लक्षात ठेवा. तिकडच्या शाळेत ताकद म्हणजे अंगानं मोठा, संख्येनं जास्त, वर्गात लोकप्रिय. आपल्याकडे ताकदीचं वाटप मूल जन्मायच्या आधीच झालेलं असतं.

चष्म्यावरून चिडवलेलं मूल रडत घरी गेलं, तर घर त्याला जवळ घेतं. घराचा त्या चिडवण्याशी संबंध नसतो. जातीवरून चिडवलेल्या मुलाचं तसं नाही. त्याला दिलेली शिवी त्याच्या आईची असते, बापाच्या कामाची असते, त्याच्या गल्लीची असते. ते घरी सांगत नाही, कारण सांगणं म्हणजे आईबापांनाही ती शिवी ऐकवणं. म्हणून असं मूल गप्प राहतं, मग शाळा बुडवतं आणि शेवटी शाळाच सोडतं. नोंदवहीत लिहिलं जातं, 'अभ्यासात रस नाही.'

याची रूपं तुम्हाला माझ्यापेक्षा कमी माहीत नाहीत. पहिल्या दिवशी आडनाव विचारणं आणि आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारणं. डब्यात काय आहे ते बघणं. 'शिष्यवृत्तीवाले' म्हणणं. माझ्या शाळेत शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आम्हाला भरवर्गात उभं केलं जायचं आणि त्यानंतर आठवडाभर आमची नावं बदललेली असायची. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांवर खासगी शाळेत गेलेल्या मुलांना आज हेच इंग्रजीत ऐकावं लागतं. कधी हात मुलांचा नसतो, शाळेचाच असतो. इथून जवळच, कोलार जिल्ह्यात मालूर तालुक्यातल्या एका सरकारी निवासी शाळेत डिसेंबर २०२३ मध्ये दलित मुलांना सेप्टिक टँकमध्ये उतरवून साफ करायला लावलं होतं. मोठ्यांनी वर्गात कामाची अशी वाटणी केली की मुलांनी कुणाला काय म्हणायचं, ते त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

बाबासाहेबांचं साताऱ्याचं शाळेतलं दिवसांचं वर्णन आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. बसायला घरून नेलेलं गोणपाट, आणि शिपाई असेल तरच पाणी. त्यात एकही दांडगट पोरगं नाही. तो शाळेचा नियम होता. त्यांनी त्या शाळेत प्रवेश घेतला ती ७ नोव्हेंबर १९०० ही तारीख आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पाळावीच. पण त्या दिवशी हार घालणाऱ्या किती शाळांनी आपल्या वर्गात आज गोणपाटावर कोण बसलंय, हे तपासलं?

आणि 'मुलंच ती' म्हणून सोडून दिलं की ते कुठवर जातं? २०१४ चं खर्डा आठवा. १७ वर्षांचा विद्यार्थी, मारहाण सुरू झाली शाळेच्या आवारातून. नोव्हेंबर २०१७ मध्ये खटल्याचा निकाल लागला तेव्हा साक्षीदार फितूर झालेले होते आणि आरोपी सुटले होते. तमिळनाडूत नांगुनेरीला ऑगस्ट २०२३ मध्ये एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळेतल्या मुलांनी घरात घुसून कोयत्यानं वार केले. मधे पडलेली त्याची बहीणही जखमी झाली. त्याआधी शाळेतला त्रास चाललेला होता आणि त्यानं शाळेत सांगितलेलंही होतं. शिवीपासून कोयत्यापर्यंत मधे बऱ्याच पायऱ्या असतात. मी ज्या कामाबद्दल बोलते आहे, ते त्या मधल्या पायऱ्यांवर उभं राहायचं काम आहे.

आता काम प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते. चामराजपेटेतून मैसूर रस्त्याकडे गेलं की जगजीवनराम नगर, पादरायनपुरा, रायपुरम लागतं. अशाच एका वस्तीजवळच्या शाळेत सातवीत एक मुलगा होता. तो वर्गात आला की तीन-चार पोरं तोंडानं शिट्टी वाजवायची. बाकीचा वर्ग हसायचा. मुलगा मागच्या बाकावर जाऊन बसायचा. आमच्या संस्थेची एक ताई आधी तिथं जाऊन आली होती. चांगली शिकलेली, मनापासून काम करणारी. तिनं नोंद केली, 'वर्गात गोंगाट, शिस्तीचा प्रश्न.' मी गेले तेव्हा शिट्टी ऐकताच समजलं. बंगळुरूत सकाळी कचऱ्याची गाडी आली की पौरकार्मिक शिट्टी वाजवतात. मुलाचा बाप त्या गाडीवर होता.

त्या ताईला हे कळलं नाही, यात तिची बदनामी करायची नाही. तिच्या घरासमोर शिट्टी वाजली की तिच्या घरातून कचरा बाहेर जातो. आपल्यातल्या कुणाच्या घरातून माणूस बाहेर जातो. एकच आवाज, पण ऐकणारं घर वेगळं. 'दयाळू व्हा' असं लिहिलेलं पोस्टर त्या वर्गात आधीपासून लावलेलं होतं. त्या पोस्टरला शिट्टी ऐकू येत नव्हती.

मग आम्ही काय केलं? शिट्टी वाजवणाऱ्यांना उभं करून झापलं नाही. तसं केलं की दुपारच्या सुट्टीत सोसणाऱ्याचाच हिशोब होतो. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात तयार झालेला 'किवा' नावाचा कार्यक्रम जगभर अभ्यासला जातो. त्याचा भर बघ्यांवर असतो. छळणारा एकटा कधीच नसतो. हसणारे असतात, बघून न बघितल्यासारखं करणारे असतात, आणि ज्यांना हे आवडत नाही पण भीती वाटते तेही असतात. वर्गाचा तोल या शेवटच्या मुलांच्या हातात असतो. आम्ही त्या वर्गात दर आठवड्याला एक तास मागून घेतला. शहर सकाळी कसं जागं होतं, कोण काय करतं, ते थांबलं तर काय होईल, यावर मुलांनी काम केलं. मुलाच्या वडलांचं नाव एकदाही घेतलं नाही, कारण त्याला ते नको होतं. त्याच वेळी मुख्याध्यापकांकडे तारखेसह लेखी नोंद दिली. त्यांचं म्हणणं, तक्रारच आलेली नाही. आम्ही म्हटलं, ही घ्या. हसणारे आधी कमी झाले, मग शिट्टी कमी झाली. पूर्ण थांबायला एक सत्र गेलं. मुलगा आठवीत गेला. या कामात याला यश म्हणतात.

तुम्ही विचाराल, हे शिक्षकांनीच का करू नये? याचं उत्तर आपल्याच देशात शोधलं गेलं आहे. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगथ' संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सुमारे ७५ सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहेर' नावाचा प्रयोग केला. काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकानं चालवला, काही शाळांत प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकानं. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, बुलिंग कमी झालं, नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकानं चालवलेल्या कार्यक्रमाचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे शाळेत असलेला, पण परीक्षा न घेणारा, मार्क न देणारा, फक्त याच कामासाठी नेमलेला माणूस लागतो. त्याला परदेशी पदवी लागत नाही. नीट प्रशिक्षण आणि पाठीशी कुणीतरी लागतं. हे ऐकून तुमची मान जरा वर व्हायला हवी.

आता दारं बघू.

पहिलं दार शाळेतल्या समुपदेशकाचं. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वं दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असं त्यात आहे. आणि जात, वर्ग, लिंग, धर्म, अपंगत्व अशा कारणांवरून होणाऱ्या छळाविरुद्ध तक्रारीची व्यवस्था हवी, असंही आहे. 'जात' हा शब्द तिथं लिहिलेला आहे. मुलाखतीत कुणी म्हणालं की 'आमच्या शाळेत जात वगैरे नाही', तर हा निकाल त्यांच्यासमोर ठेवता येतो. सीबीएसईनं तर २०१५ मध्येच शाळांना बुलिंगविरोधी समित्या करायला सांगितलं होतं. या दारासाठी एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्रात एमए आणि समुपदेशनाचं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी मागतात. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती वेगळी आणि लांबची वाट आहे.

दुसरं दार सरकारी बालसंरक्षणाचं. १०९८ हा नंबर पाठ असेलच. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन सुरू झाली. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेत आली. मिशन वात्सल्यखाली प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष असतो. त्यात संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, क्षेत्रीय कार्यकर्ता अशी पदं निघतात. बहुतेक कंत्राटी असतात, हे आधीच सांगते. पुढे अनुभव झाला की बाल कल्याण समितीवर सदस्य होता येतं. तिथं सात वर्षांचा मुलांसोबतच्या कामाचा अनुभव मोजला जातो. ही समिती मुलाच्या आयुष्याचे निर्णय करते. तिथं आपली माणसं किती आहेत, ते आपापल्या जिल्ह्यात जाऊन मोजा.

तिसरं दार वसतिगृहाचं, ज्याकडे आपण करिअर म्हणून बघतच नाही. महाराष्ट्रात समाजकल्याण विभागाची गृहपालाची पदं पदवीधरांसाठी निघतात. आदिवासी विभागात अधीक्षकांची निघतात. सगळे ती 'सरकारी नोकरी' म्हणून भरतात. पण बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढलं, ते कशासाठी? मुलाला शाळेत घातलं की काम संपत नाही, हे बाबासाहेबांना माहीत होतं. रात्री जिथं मूल झोपतं तिथं त्याला कुणी हिणवू नये, यासाठी कुणीतरी जागं लागतं. थोरल्या मुलांनी धाकट्यांचा छळ सर्वांत जास्त अशाच जागी होतो, आणि गृहपाल हा एकच मोठा माणूस तिथं असतो. पद तेच, पण तुम्ही काय समजून भरता यावर ते ठरतं.

चौथं दार स्वयंसेवी संस्थांचं. या शहरात 'ड्रीम अ ड्रीम' जीवनकौशल्यांवर काम करते, 'एनफोल्ड' मुलांच्या सुरक्षिततेवर आणि कायद्यावर, 'मक्कळ जागृती' वस्तीतल्या मुलांसोबत. निमहान्सच्या बाल व किशोर मनोविकार विभागाचा 'संवाद' हा उपक्रम कठीण परिस्थितीतल्या मुलांसोबत काम करणाऱ्यांना प्रशिक्षण देतो. टेलिमानस, म्हणजे १४४१६, या हेल्पलाइनचं शिखर केंद्रही निमहान्सच आहे. आणि मुलांसाठी संघटना काढणं या भागाला नवीन नाही. याच चामराजपेटेत आर. कल्याणम्मा या बालविधवा बाईंनी 'मक्कळ कूट' उभं केलं.

पाचवं दार अजून पूर्ण उघडलेलं नाही. नांगुनेरीनंतर तमिळनाडू सरकारनं न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली. तिनं जून २०२४ मध्ये अहवाल दिला. शाळांच्या नावातून जात काढा, जातीचे रंगीत मनगटपट्टे बंद करा, या शिफारशींची चर्चा झाली. त्यात आणखी एक शिफारस आहे: मोठ्या माध्यमिक शाळांत स्वतंत्र 'शाळा कल्याण अधिकारी' नेमावा आणि जातीय भेदभावावर लक्ष ठेवणं हे त्याचं काम असावं. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हे पद मागायला काय हरकत आहे? पदं आकाशातून पडत नाहीत, मागितली की निघतात.

शिक्षण कुठं घ्यायचं? टाटा समाजविज्ञान संस्था मुंबई आणि तुळजापूर, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईचं निर्मला निकेतन, कोल्हापूर-सोलापूरकडची एमएसडब्ल्यूची महाविद्यालयं, इथं बंगळुरू विद्यापीठ. फी आणि शिष्यवृत्तीचं गणित प्रवेशाआधी लेखी विचारा. २०१८ मध्ये टाटा संस्थेतल्या विद्यार्थ्यांना याच प्रश्नावर संप करावा लागला होता.

आता जे कुणी सांगत नाही ते. या क्षेत्रात पगार कमी असतो. सुरुवात बहुतेक ठिकाणी बिनपगारी इंटर्नशिपनं होते. ज्याच्या घरी दर महिन्याला पैसे पाठवावे लागतात, तो सहा महिने फुकट राबू शकत नाही. त्यामुळे दारावर 'सर्वांचं स्वागत' लिहिलेलं असतं आणि आत तीच तीच आडनावं असतात. मुलाखत इंग्रजीत होते, काम कन्नड, मराठी, दखनीत करायचं असतं. घेतलंच तर आपल्याला 'कम्युनिटी वर्कर' करतात. आपण वस्तीत चालायचं, आणि त्या चालण्याचा अहवाल लिहिणारा मॅनेजर होतो. म्हणून रुजू होताना विचारा: नेमणूकपत्र देणार का? पगार किती, पीएफ आहे का? दोन वर्षांनी मी कोणत्या पदावर असेन? माझ्या कामावर देखरेख करणारा अनुभवी माणूस कोण? संस्थेचं लेखी बालसंरक्षण धोरण आहे का? हे विचारणं उद्धटपणा नाही.

आणखी एक. संस्थांना आजकाल आपली दुःखाची गोष्ट आवडते. देणगीदार आले की 'जरा तुमचा प्रवास सांगा ना' म्हणतात. सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. आपल्या जगण्यातून आलेली समज ही आपली पात्रता आहे, ती पाहुण्यांसमोर मांडायची वस्तू नाही. त्या शिट्टीचा अर्थ समजणं हे ज्ञान आहे, आणि ज्ञानाचा पगार मिळायला हवा. अहवाल लिहायला शिका, बजेट वाचायला शिका, इंग्रजीला घाबरू नका. ती पाळणारी भाषा नाही, हत्यार आहे.

कायदाही शिका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला मनाई करतं. कलम ८ आणि ९ नुसार दुर्बल आणि वंचित गटातल्या मुलांशी भेदभाव होऊ न देणं ही सरकारची आणि स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. शिक्षकानं किंवा कर्मचाऱ्यानं जातीवरून अपमान केला तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे, तिथं समजुतीनं घेऊ नका. पण समोर बारा वर्षांचं पोरगं असेल तर आपलं पहिलं काम त्याला पोलीस ठाण्यात पाठवणं नाही. ते जे बोललं ते त्याच्या घरात आणि वर्गात पिकलं आहे. सोसणाऱ्या मुलाची सुरक्षा आधी, आणि मग बोलणाऱ्याचीही सुधारणा, या दोन्हींसाठी जागा ठेवावी लागते.

आणि आपल्या घराकडेही बघू. आपली पोरं ईशान्येकडच्या मुलांना काय म्हणतात? मुसलमान मुलाला, बायकी चालणाऱ्या मुलाला, अपंग मुलीला, आपल्याहून खालची मानलेल्या पोटजातीला? समतेचं काम फक्त आपल्यावर अन्याय झाला तिथंच सुरू होत असेल, तर मुलांना ते लगेच समजतं आणि ती आपलं ऐकणं बंद करतात.

या कामाचा थकवा असतो. रोज दुसऱ्याच्या मुलाकडून आपलंच बालपण ऐकावं लागतं. त्यासाठी महिन्यातून एकदा बसायला आपली चार माणसं लागतात. आम्ही इथं तशी बैठक घेतो. या क्षेत्रात येणाऱ्या कुणीही यावं.

शेवटी कामाचं तेवढं सांगते. या महिन्यात तीन गोष्टी करा. आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जा आणि कोणती पदं रिकामी आहेत ते विचारा. ज्या शाळेत शिकलात तिथं जाऊन विचारा की सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेला समुपदेशक नेमला का. आणि आपल्या गल्लीतल्या एखाद्या सहावी-सातवीतल्या मुलाला विचारा की वर्गात तुला काय नावानं हाक मारतात. उत्तर यायला वेळ लागेल. तिथं थांबून राहता आलं, तर तुम्ही या कामाला लायक आहात. पदवी तुमच्याकडे आहेच.

जयभीम.